शिकारी रायफल

शिकारी रायफल : वन्य पशूंच्या, विशेषतः हरणांच्या, शिकारीसाठी वापरण्यात येणारी, नळीच्या आतील पृष्ठावर सर्पिल खाचा असलेली व खांद्याला लावून झाडावयाची बंदूक. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते आणि ती न भरकटता दूरवर सरळ जाते. लष्करी रायफलीचे तत्त्व हेच असते व दोहोंची यंत्ररचनाही पुष्कळदा एकच असते. तथापि दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. रणांगणावर शत्रूचा सैनिक जायबंदी होणे पुरेसे मानले जाते, तर शिकारीत पहिल्याच गोळीने जनावराचा तत्काळ अंत होणे आवश्यक असते. लष्करी धर्तीची रायफल हरणासाठी कितपत योग्य, हा प्रश्न या फरकातून निर्माण होतो. भारतात या प्रश्नाचे उत्तर नेमबाजांनी कमी व कायद्याने अधिक दिले आहे : प्रथम शस्त्रविषयक कायद्याने आणि नंतर वन्यजीवविषयक कायद्याने. परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा व त्याच्या आसपासच्या सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशात काळविटांचे कळप उभ्या पिकांत उतरतात. तेथील शेतकऱ्यांच्या दृष्टीने या प्रश्नाला आजही व्यावहारिक महत्त्व आहे.

मराठीत ‘हरिण’ या एकाच शब्दाने दोन वेगळ्या प्राणिकुलांचा निर्देश होतो. चितळ व सांबर यांची शिंगे भरीव, फाटे फुटलेली व ठरावीक काळाने गळून पडणारी असतात; त्यांना सारंग म्हणतात. काळवीट व चिंकारा यांची शिंगे पोकळ व कायमची असतात. ते कुरंग होत. नीलगाय (मराठवाड्यात रोही) हीसुद्धा शास्त्रीय दृष्ट्या कुरंगच आहे. मराठवाड्याच्या उघड्या माळांवर व शेतांतून मुख्यतः कुरंगच आढळतात. पूर्ण वाढलेल्या काळविटाच्या नराचे वजन सर्वसाधारणपणे ३५ ते ४५ किग्रॅ. असते, चिंकारा त्याहून बराच लहान असतो, तर नीलगाईचा नर २०० किग्रॅ.हूनही जड असू शकतो. आकारमानातील ही तफावत काडतुसाच्या निवडीत महत्त्वाची ठरते.

पूर्वेतिहास : बंदूक प्रचारात येण्यापूर्वी काळविटाची शिकार फासे लावून, तसेच शिकवलेल्या चित्त्यांकरवी केली जाई. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटे धरण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. रायफल आल्यावर काळविटाच्या जवळ जाण्यासाठी बैलगाडीचा आडोसा घेण्याची रीत रूढ झाली. कारण माळावरील कळप गाडीबैलांना सरावलेले असत आणि एकट्या माणसाला मात्र दुरूनच बुजत.

आधुनिक शिकारी रायफलीचा उगम लष्करी रायफलीतच आहे. जर्मनीतील माउझर कारखान्याने १८९८ मध्ये सिद्ध केलेली बोल्ट क्रिया जगभरच्या शिकारी रायफलींना आधारभूत ठरली. या क्रियेत दांडा हाताने उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते व पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत बसते. ब्रिटिश सैन्याने १८९५ मध्ये स्वीकारलेली ली-एनफील्ड रायफलही बोल्ट क्रियेचीच होती. तिच्या पेटीत १० काडतुसे मावत व दांडा अतिशय जलद चालत असे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याच्या अभिकल्पावर ती आधारलेली होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तिचे उत्पादन होऊ लागले आणि भारतीय सैन्य व पोलीस दलात ती दीर्घकाळ वापरात राहिली.

काडतुसांच्या बाबतीतही हेच घडले. नरभक्षक वाघांचा प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट याची ०·२७५ इंची रिग्बी रायफल ज्या काडतुसावर चाले, ते मुळात स्पेनच्या सैन्यासाठी तयार झालेले ७ मिमी. माउझर काडतूस होय. लंडनच्या बंदूकनिर्मात्याने त्याला इंग्रजी मापाचे नाव दिले एवढेच. अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी लोकप्रिय झालेले ०·३०-०६ हे काडतूस त्या देशाच्या सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेले होते. दोन्ही महायुद्धांनंतर शिलकी लष्करी रायफली स्वस्तात विक्रीस आल्या. संगिनीची खोबण व नळीवरील लाकडी आच्छादन काढून, दस्ता तासून आणि कधी दुर्बीण बसवून त्यांचे शिकारी रायफलींत रूपांतर करण्याचा व्यवसाय पाश्चात्त्य देशांत वाढला. सु. ४ किग्रॅ. वजनाची ली-एनफील्ड अशा रीतीने हलकी होत असे.

भारतातील शस्त्रनियम : भारतात हा मार्ग शासनाने प्रारंभापासूनच रोखला. सैन्याच्या कोठारातून चोरीस गेलेले काडतूस खाजगी रायफलीत चालू नये, हे त्यामागील सूत्र होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ०·४५० इंची शिकारी रायफलींना भारतात बंदी झाली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा अंतर्व्यास तोच होता. त्यामुळे इंग्लंडमधील बंदूकनिर्मात्यांना ०·४६५, ०·४७० व ०·४७५ इंची अशी नवी काडतुसे काढावी लागली. सैन्याचे तत्कालीन ०·३०३ इंची काडतूसही याच कारणासाठी नागरिकांना वर्ज्य होते.

स्वतंत्र भारतातील शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत होऊन १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील नियमांनी हेच सूत्र पुढे चालविले. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात असे स्वयंचलित शस्त्र हे ‘निषिद्ध’ शस्त्र होय. अर्धस्वयंचलित बंदुका, तसेच ०·३०३ इंची किंवा ७·६२ मिमी. अंतर्व्यासाच्या आणि सैन्याची ही काडतुसे ज्यात बसून उडू शकतील अशा कोणत्याही रायफली निर्बंधित वर्गात मोडतात. जिल्हा दंडाधिकाऱ्याने द्यावयाच्या नेहमीच्या परवान्याच्या कक्षेत त्या येत नाहीत. येथे कसोटी रायफलीच्या बाह्य रूपाची नाही; ती कोणते काडतूस स्वीकारते याची आहे. म्हणून शिकारी घाटाची, लाकडी दस्त्याची पण ७·६२ मिमी. लष्करी काडतूस उडवू शकणारी रायफल या निर्बंधाखाली येते.

या निर्बंधातून भारताची स्वतःची अशी शिकारी रायफल जन्मास आली. ती म्हणजे शासकीय आयुध निर्माणीची ०·३१५ इंची (८ मिमी.) रायफल होय. तिची बोल्ट क्रिया ली-एनफील्डची आहे. काडतूस मात्र वेगळे, पेटी ५ काडतुसांची आणि गोळी सु. १५·८ ग्रॅ. वजनाची, मऊ टोकाची आहे. या काडतुसाच्या बुडावर ‘८ मिमी. के. एफ.’ असा ठसा आढळतो. त्यातील अक्षरे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची निदर्शक आहेत. हा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या कारखान्यांची सात शासकीय कंपन्यांत विभागणी झाली. त्यांपैकी दारूगोळ्याचे कारखाने पुण्यातील ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीकडे आणि लहान शस्त्रांचे कारखाने कानपूर येथील कंपनीकडे गेले.

०·३१५ इंची काडतुसाचा इतिहास उद्बोधक आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने १८९० च्या सुमारास वापरात आणलेल्या ८ मिमी. मानलिखर काडतुसाचेच ते रूप होय. म्हणजे भारतात ‘नागरी’ ठरलेले काडतूस मुळात परकीय सैन्याचे होते. केवळ भारतीय सैन्य ते वापरीत नसल्यामुळे त्याला नागरी परवाना मिळाला. लष्करी व शिकारी हा भेद अशा प्रकारे यंत्रात किंवा काडतुसात अंगभूत नसून पुष्कळ अंशी कायद्याने ठरविलेला असतो. तांत्रिक दृष्ट्या खरा भेद आढळतो तो गोळीच्या रचनेत.

गोळीची रचना : लष्करी गोळीचा शिशाचा गाभा टोकासह कठीण धातूच्या वेष्टनाने झाकलेला असतो. अशी गोळी शरीरात शिरल्यावर पसरत नाही. ती आत जाऊन आडवी झाली तर मोठी जखम होते, सरळ गेली तर अरुंद छिद्र पाडून आरपार निघून जाते. तिच्या परिणामाची आधी खात्री देता येत नाही. शिकारी गोळीचे टोक मऊ शिशाचे किंवा पोकळ असते. आघाताबरोबर ते छत्रीसारखे पसरते, गोळीची बहुतेक ऊर्जा शरीरातच खर्च होते व हृदय किंवा फुप्फुसे यांचा तत्काळ नाश होतो.

या फरकाशी भारताचा निकटचा संबंध आहे. ०·३०३ इंची काडतुसाची वेष्टित गोळी वायव्य सरहद्दीवरील लढायांत पुरेशी परिणामकारक नाही, अशी तक्रार झाल्यावर कलकत्त्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात १८९० नंतरच्या दशकात टोक उघडे ठेवलेली गोळी तयार करण्यात आली. पसरणाऱ्या गोळीला ‘दमदम गोळी’ हे नाव त्यावरून पडले. १८९९ च्या हेग परिषदेतील घोषणेने युद्धात अशा गोळ्या वापरण्यास मनाई केली. जी गोळी युद्धात अमानुष म्हणून वर्ज्य ठरली, तिचाच वापर अनेक देशांच्या शिकारविषयक कायद्यांनी सक्तीचा केला आहे, कारण जनावराच्या बाबतीत जखमी अवस्थेतील दीर्घ यातना टाळणे हाच त्यांचा हेतू असतो. लष्करी काडतूस आहे तसे हरणावर वापरणे हा त्यामुळे निवडीतील सर्वांत गंभीर दोष मानला जातो. आरपार छिद्र पडलेले काळवीट कळपाबरोबर काही किलोमीटर पळू शकते आणि शिकाऱ्याला ते पुन्हा सापडेलच असे नाही.

काडतुसाची ऊर्जा : गोळीचे वस्तुमान व तिचा नळीच्या तोंडाशी असणारा वेग यांवरून तिची गतिज ऊर्जा काढतात. १९१० पासून प्रचारात आलेल्या ०·३०३ इंची ‘मार्क ७’ काडतुसाची गोळी सु. ११·३ ग्रॅ. वजनाची व तिचा वेग सेकंदास सु. ७४४ मी. असल्याने ऊर्जा सु. ३,१०० जूल भरते. नाटो राष्ट्रांनी १९५४ मध्ये प्रमाणित केलेल्या ७·६२ मिमी. काडतुसाची ऊर्जा ३,३०० जूलच्या आसपास असते. कलाश्निकोव्ह रायफलीच्या आखूड ७·६२ मिमी. काडतुसाची ऊर्जा सु. २,००० जूल, तर ५·५६ मिमी. काडतुसाची त्याहूनही कमी, सु. १,७५० जूल असते. भारतीय सैन्याने १९९० नंतरच्या दशकात घेतलेली इन्सास रायफल ५·५६ मिमी. अंतर्व्यासाचीच आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी काडतुसे हलकी होत गेली. सैनिकाला अधिक काडतुसे वाहून नेता यावीत व बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा, हा त्याचा हेतू होता. जुन्या लष्करी रायफली हरणासाठी गरजेपेक्षा जबर होत्या. नव्यांपैकी पुष्कळ अपुऱ्या आहेत. ५·५६ मिमी. काडतुसाने चिंकाऱ्याएवढा प्राणी मरू शकतो, परंतु नीलगाईसारख्या जड हाडाच्या प्राण्यावर ते भरवशाचे नाही. उलट ०·३१५ इंची जड गोळी नीलगाय किंवा रानडुकरासाठी पुरेशी असली, तरी काळविटासाठी आवश्यकतेपेक्षा मोठी आहे आणि तिच्या मार्गाची वक्रता लांब अंतरावर नेम चुकविते.

क्रिया व पेटी : अर्धस्वयंचलित रायफलीत एक गोळी सुटताच दारूच्या वायूच्या दाबाने पुढचे काडतूस आपोआप नळीत बसते व प्रत्येक वेळी चाप दाबताच गोळी सुटते. अमेरिकेतील युजीन स्टोनर याच्या अभिकल्पावरून सिद्ध झालेली ए. आर.-१५ ही या वर्गातील सर्वपरिचित रायफल असून तिचा अर्धस्वयंचलित नागरी प्रकार १९६० नंतरच्या दशकात विक्रीस आला. दुसरी गोळी नजर न हलविता झाडता येते व धक्का कमी बसतो, हे तिचे फायदे सांगितले जातात. हलका दस्ता, बदलता येणारी दुर्बीण व दमट हवेत न फुगणारे सुटे भाग हेही गुण तिच्याकडे आहेत. तथापि कळपाने राहणाऱ्या काळविटांच्या बाबतीत जलद दुसरी गोळी हा गुण दोषात परिणत होतो. पहिल्या आवाजाला कळप उधळतो, जनावरे एकमेकांआड येतात आणि घाईने झाडलेली गोळी मादीला, पाडसाला किंवा भलत्याच जनावराच्या पोटाला लागते. बोल्ट क्रियेची रायफल शिकाऱ्याला पहिल्या गोळीपूर्वी थांबावयास लावते. तिची नळी व क्रिया यांची जोडणी साधी व दृढ असल्याने अचूकताही सहजी साधते. हरणांच्या शिकारीत मोठ्या पेटीचा उपयोग नसल्यामुळे अमेरिकेतील काही राज्यांत शिकारीच्या वेळी पेटीतील काडतुसांच्या संख्येवर मर्यादा आहे.

पल्ला व भूप्रदेश : रायफलीच्या गोळीचा परिणामकारक पल्ला व तिचा कमाल पल्ला यांत मोठे अंतर असते. नेम चुकलेली ०·३०३ इंची किंवा ७·६२ मिमी. गोळी ३ किमी.पेक्षाही दूर जाऊन पडू शकते व तेथेही ती प्राणघातक असते. डोंगराळ प्रदेशात लक्ष्यामागील उतार चुकलेली गोळी अडवितो. सेलू व जिंतूर तालुक्यांच्या सपाट भागात असा आडोसा क्वचितच मिळतो. देवगाव फाट्याच्या परिसरात कपाशी व तुरीची शेते, त्यांतून निंदणी-वेचणी करणारी माणसे, आखाड्यांवरील गुरे, वाड्या-वस्त्या आणि वाहत्या रस्त्यांचे जाळे यांची दाटी आहे. माणसाच्या उंचीची तूर उभी असता तिच्यापलीकडे कोण आहे हे दिसत नाही. कोरड्या, कडक जमिनीवर किंवा दगडावर लागून उसळलेल्या गोळीची दिशा तर सांगताच येत नाही. अशा प्रदेशात रायफल जितकी दूर पल्ल्याची तितका धोका अधिक. त्या मानाने गुळगुळीत नळीच्या बारा बोअर बंदुकीचे मोठे छरे ४०-५० मीटरांपर्यंतच परिणामकारक असतात व थोड्याच अंतरावर निष्प्रभ होतात. मात्र जनावर जवळ असल्याखेरीज त्यांनी खात्रीचा वेध होत नाही, ही त्यांची मर्यादा होय.

इतर देशांतील नियम : ज्या देशांत हरणांची शिकार कायदेशीर आहे, तेथील नियमांतून वरील कसोट्या प्रतिबिंबित झालेल्या दिसतात. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरिणविषयक अधिनियमानुसार मोठ्या जातींच्या हरणांसाठी रायफलीचा अंतर्व्यास किमान ०·२४० इंच व ऊर्जा किमान २,३०५ जूल असावी लागते आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच असावी लागते. ०·३०३ इंची काडतूस मऊ टोकाच्या गोळीसह या कसोट्यांना उतरते, ५·५६ मिमी. काडतूस अंतर्व्यास व ऊर्जा या दोन्ही बाबतींत अपुरे पडते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या अधिनियमाने लहान ०·२२ रिमफायर प्रकार वगळता अर्धस्वयंचलित रायफली खाजगी वापरातून काढून टाकण्यात आल्या. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. व्हर्जिनियात हरणासाठी ०·२३ इंचांहून कमी अंतर्व्यासाची रायफल चालत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये लहान प्राण्यांसाठी अर्धस्वयंचलित रायफलीस मुभा दिली, तेव्हाही हरणासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी तिची मनाई कायम ठेवली.

वन्यजीव संरक्षण : भारतातील वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. त्याच्या मूळ स्वरूपात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद होती आणि शिकारीच्या रीतीवर निर्बंध होते. वाहनातून शिकार करणे, वाहनाने जनावरास पिटाळणे, विष किंवा स्फोटके वापरणे, रात्री कृत्रिम प्रकाशझोताचा उपयोग करणे यांस मनाई होती. बैलगाडीऐवजी जीपगाडी व दिवसाऐवजी रात्रीचा प्रखर दिवा आल्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात माळावरील हरणांचा जो संहार झाला, त्याच्याशी या तरतुदी निगडित होत्या. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची पद्धतच रद्द करण्यात आली. तेव्हापासून छंद किंवा मांस यांसाठी हरणांची शिकार भारतात कायदेशीर राहिलेली नाही. जनावर मारण्याचा प्रयत्न करणे, त्याला पकडणे, पिटाळणे किंवा आमिष दाखविणे यांचाही ‘शिकार’ या संज्ञेत अंतर्भाव होतो.

काळवीट व चिंकारा हे अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून त्यांना सर्वाधिक संरक्षण आहे. मानवी जीवितास धोकादायक झालेला अथवा बरा न होण्याइतका अपंग वा रोगग्रस्त प्राणी मारण्याची परवानगी केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. पिकांची नासाडी हे अशा परवानगीस कारण होत नाही. नीलगाय व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकांना धोका असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी त्यांच्याबाबत लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) अनुसूचींची फेररचना झाली आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीबद्दलचा किमान दंड २५,००० रुपये करण्यात आला. कारावासाची शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. महाराष्ट्रात काळविटांसाठी रेहेकुरी (ता. कर्जत, जि. अहिल्यानगर) येथे १९८० मध्ये अभयारण्य स्थापन झाले. परभणी जिल्ह्यातील कळप मात्र मुख्यतः शेतजमिनींतच वावरतात.

पीकसंरक्षण : हरणांचा उपद्रव काल्पनिक नाही. सोयाबीन, हरभरा व ज्वारी यांचे कोवळे अंकुर कळपाने खाल्ले जातात व खाण्यापेक्षाही तुडविण्याने अधिक नुकसान होते. दुबार पेरणीचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याला पेलत नाही. काळविटाचा नैसर्गिक शत्रू असलेला चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये घोषित झाले व लांडग्यांची संख्याही घटली. माळरानांची शेते झाल्याने कळपांना चरण्यास दुसरी जागाही उरली नाही. एकीकडे संरक्षित वन्य प्राणी व दुसरीकडे अल्पभूधारकाचे वर्षाचे उत्पन्न, असा हा पेच आहे.

शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणाची गरज मान्य केली आहे, परंतु त्यासाठी रायफल योजलेली नाही. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला वाटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आखूड पल्ल्याच्या शस्त्राची ही निवड दाट वस्तीच्या शेतीप्रदेशाला साजेशी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली. शस्त्राचा परवाना व प्राणी मारण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. बंदुकीचा परवाना जवळ असला तरी त्यामुळे काळविटावर किंवा विनापरवानगी नीलगाईवर गोळी झाडण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

प्रत्यक्षात शेतकऱ्यांची भिस्त इतर उपायांवर आहे. माळ्यावरून रात्रीची राखण, गोफण, डबे वाजविणे, बुजगावणी व शेताभोवती जुन्या साड्या बांधणे हे उपाय सर्वत्र दिसतात. जनावरे सरावली की त्यांचा प्रभाव ओसरतो. सौर ऊर्जेवर चालणारे, क्षणिक व सौम्य झटका देणारे कुंपण अधिक परिणामकारक असले तरी खर्चिक आहे. थेट विद्युत् वाहिनीवरून तारांत प्रवाह सोडणे बेकायदेशीर असून त्यात वन्य प्राण्यांबरोबर माणसे व गुरेही दगावतात. महाराष्ट्र शासन वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीबद्दल भरपाई देते व त्या योजनेत सारंग आणि कुरंग अशा दोन्ही प्रकारच्या हरणांचा समावेश आहे. त्यासाठी वनखात्याकडे मुदतीत अर्ज करून नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा लागतो. ज्या शेतात अंकुर नव्याने खाल्ले गेले आहेत, तेथे पंचनामा लांबल्यास नुकसान सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून तातडीची खबर व शेताची छायाचित्रे महत्त्वाची ठरतात.

नीलगाय किंवा रानडुक्कर मारण्याची परवानगी मिळाल्यावरही शस्त्राच्या निवडीच्या कसोट्या तशाच राहतात. जनावराच्या आकारास पुरेशी ऊर्जा, पसरणारी गोळी, एका वेळी एकच विचारपूर्वक झाडलेली फैर, जवळचे अंतर व लक्ष्यामागे गोळी अडविणारी जमीन या त्या कसोट्या होत. लष्करी धर्तीच्या रायफलीचे वैशिष्ट्य असलेली मोठी पेटी, जलद गोळीबार व दूरचा पल्ला यांपैकी एकही गुण त्यांत मोडत नाही. देवगाव फाट्यासारख्या सपाट व वस्तीच्या प्रदेशात तर हे गुण शेजारच्या शेतातील माणसांनाच धोकादायक ठरतात.